चरखीवरचं कुंकू

विष्णू लांजेवारांच्या घरी गेलेला माणूस चहा न पिता परत येऊ शकतो. दूध नासलेलं असतं, साखर संपलेली असते, घरोघरी मातीच्या चुली. पण चरखीची गोष्ट न ऐकता कुणी परत आलं, असं जबलपुरात आजवर झालेलं नाही. गॅस सिलिंडरवाल्यानं ऐकली, पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या दीदींनी ऐकली, एकदा तर घर चुकून दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या माणसानं ऐकली. त्याचं लग्नघर राहिलं बाजूला, बिचारा तासभर खुर्चीवर बसून होता.

चरखी म्हणजे मासे धरायच्या काठीला लावतात ते रीळ. पितळेचं, तळहाताएवढं, हातात घेतलं की मनगट खाली जाईल असं भरीव. बाजूला काळी मूठ, ती फिरवली की आतून कर्रर्र आवाज येई. लांजेवारांच्या घरात कधी मासा शिजला नाही, आणि मासे धरायचं यंत्र मात्र देवघराच्या खालच्या फळीवर, बाळकृष्णाच्या पायाशी. काहून म्हणून विचारायचं नाही. विचारलंत की संपलं, गोष्ट सुरू.

"माझे आजोबा बाबाराव," विष्णूजी भिंतीवरच्या तसबिरीकडे बोट करत. "नागपूरहून आले. जीसीएफ, तोफगाड्यांची फॅक्टरी, नवी नवी उघडलेली. त्यांचा साहेब एका इतवारी भेडाघाटले गेला मासे धराले, आजोबा संगं. गळाले लागला महाशीर. हा एवढा! साहेब म्हणे सोडतो का, मासा म्हणे सोडतो का. पाय घसरला, साहेब धाडकन नर्मदेत! अन् आमच्या आजोबानं कपडे न काढता उडी मारली ना बापा!" इथे विष्णूजी खुर्चीवरून उठत. सत्तरी कधीच उलटलेली, गुडघे कुरकुरत, पण बाबारावांची उडी बसून सांगायची नाही असा त्यांचा नेम. "साहेबाले शेंडी धरून वर काढला. शेंडी नव्हती, पण तुम्ही समजून घ्या. साहेबानं काठीची चरखी सोडवली अन् आजोबाच्या हातात ठेवली. म्हणे, बाबाराव, माझ्यापाशी याहून मोठं काही नाही."

मग ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळत. "काय वं अनसूया?"

आणि दारात उभ्या अनसूयाबाई पदराला हात पुसत म्हणत, "तुमच्याहून कोणाले जास्त ठाऊक?"

झालं. गोष्टीवर शिक्कामोर्तब. एवढी वर्षं हेच चाललं होतं, आणि यंदाच्या माघात अनसूयाबाई गेल्या. गोष्ट तशीच राहिली, दार तेवढं रिकामं झालं. विष्णूजींची मान मात्र सवयीनं तिकडे वळायचीच, आणि मग ते घाईघाईनं पाण्याचा पेला उचलत.

त्याच उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर गंधार भाड्यानं राहायला आला. पुण्याचा पोरगा, बँकेत साहेब, बदली होऊन आलेला. सामान म्हणाल तर एक गादी, एक कुकर, आणि कापसात गुंडाळून आणलेली जुनी रिळं. लोक टपाल तिकिटं जमवतात, हा पठ्ठ्या मासे धरायची रिळं जमवत असे. स्वतः मासा धरलाय का विचारलं तर म्हणाला, "नाही काका, मला पाण्याची भीती वाटते." विष्णूजींना तो तिथेच आवडला. त्यांनाही पोहता येत नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं चरखी पाहिली तेव्हा तो बोलता बोलता थांबला आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसला. "हातात घेऊ?" असं त्यानं इतक्या हळू विचारलं की विष्णूजींनीही आवाज खाली आणला. त्यानं मूठ फिरवली, कान जवळ नेला, डोळे मिटले. कर्रर्र. पुन्हा कर्रर्र. पोराच्या हातावर काटा आलेला विष्णूजींनी आपल्या डोळ्यांनी पाहिला. आजवर इतक्यांना गोष्ट सांगितली, पण चरखीचं नुसतं फिरणं ऐकून गप्प झालेला हा पहिलाच.

"काका, आतल्या चक्राचा एकही दात झिजलेला नाही," तो म्हणाला. "ज्यानं बनवलं, त्याला माहीत असेल का, की इतक्या वर्षांनी, इतक्या लांब, कुणीतरी असं ऐकत बसेल म्हणून?"

"अँटिक हाय," विष्णूजी म्हणाले.

"थांबा थांबा. आमच्यात त्याचा साधा नियम आहे. शंभरी ओलांडली की अँटिक. शंभरीच्या आतलं, पण आपला काळ गाजवून बसलेलं, ते विंटेज. बाकीचं नुसतं जुनं."

"म्हणजे मी?"

"तुम्ही विंटेज, काका."

"अन् हा गुडघा?"

"तो अँटिक. त्याला हात लावायचा नाही."

विष्णूजी पोट धरून हसले. गंधारची सगळी रिळं विंटेज होती, खरं अँटिक त्यानं फक्त काचेआड पाहिलं होतं. कोजागरीला महाराष्ट्र मंडळात जुन्या वस्तू मांडायचं ठरत होतं आणि गंधारच्या डोक्यात दोन टेबलं होती, एक अँटिकचं, एक विंटेजचं. विष्णूजींनी दुसऱ्याच दिवशी मंडळात जाऊन जाहीर करून टाकलं की पहिल्या टेबलावर पहिली जागा बाबारावांच्या चरखीची. आपल्या बोलण्यात त्यांना कधी शंका शिवली नव्हती, तेव्हा कशाला शिवेल?

"पण खूण पाहावी लागेल," गंधार म्हणाला.

"खूण कशाले? आजोबा एकतीस साली गेले. तसबिरीखाली लिहिलं हाय, वाच. आता मेल्यावर तर साहेबानं चरखी आणून दिली नसंल ना?"

गंधारनं रीळ उन्हात धरलं. बनवणाऱ्याचं नाव जिथे असतं ती चकती आरशासारखी लख्ख होती. "हे घासता कशानं?"

"चिंच अन् राख. दर खंडेनवमीले. हत्यारांच्या पूजेत ठेवतो ना. कसं झळकून राहिलं, पाहा!"

गंधारनं कपाळावर हात मारला. म्हणाला, जमवणारे लोक जुन्या पितळेला फडकंसुद्धा जपून लावतात. वर चढलेला काळपटपणा हेच त्याचं वय. "तुम्ही दर दसऱ्याला त्याचं वय पुसताय, काका! नाव गेलं, सगळं गेलं." मग त्याची नजर खालच्या पट्टीवर गेली, काठीला बसवायच्या. तिथे कुंकवाचा जाड थर होता, वाळून टणक झालेला. "इथे मात्र घासलेलं नाही. याच्याखाली काही असलं तर…" त्यानं नख पुढे केलं.

"हात नको लावू!" विष्णूजी एवढ्या जोरात ओरडले की पोरगा दचकला.

ते कुंकू अनसूयेचं होतं. बाकीच्या हत्यारांना ती साधी बोटं टेकवायची, पण या पट्टीवर तुपात कालवलेलं कुंकू अंगठ्यानं दाबून दाबून बसवायची. विष्णूजी दर वर्षी चिडवत, "अवं, कुंकू लावून राहिली का घर लिंपून राहिली?" गेल्या दसऱ्याला तिला बसवत नव्हतं. शाल गुंडाळून पाटाशी आली, हात थरथरत होते, तरी तूप मागून घेतलं आणि दाबून लावलं. वरच्या थरात तिच्या अंगठ्याच्या रेषा उठल्या होत्या. ती गेल्यावर विष्णूजी एखाद्या दुपारी चरखी हातात घेऊन त्या रेषा बघत बसत. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? जिला सांगायचं ती गेली.

आता एकीकडे तो अंगठा आणि दुसरीकडे बाबारावांचं नाव. गंधार बिचारा म्हणाला, राहू द्या काका, नाही बघायचं. पण विष्णूजींचा स्वभाव! खूण बघू दिली नाही तर उद्या मंडळात लोक म्हणतील, लांजेवार नुसत्या गप्पा हाणतो. आजोबांची उडी खोटी पडायची. चार दिवस ते घरात येरझारा घालत होते, जेवणात लक्ष नाही, टीव्हीवर बातम्या लागलेल्या आणि हे देवघराकडे बघताहेत. शेवटी म्हणाले, "खंडेनवमीले तसंही घासतोच. दसऱ्याले ये."

खंडेनवमीच्या सकाळी अंगणात परात, चिंच, राख आणि हत्यारं. वडिलांचा हातोडा, विष्णूजींचा कारखान्यातला व्हर्नियर, अनसूयाबाईंची कात्री. नात चैत्राली पूजेसाठी आपला लॅपटॉप घेऊन आली. मुलगा अमेय आणि सून रश्मी रेल्वेत, इटारसीला. पोरगी शिकायला आजोबांपाशी.

"याले पण चिंच लावू का?" विष्णूजींनी लॅपटॉपकडे पाहून विचारलं.

"आबा, प्लीज यार!" ती हसली. मग चरखी बघून म्हणाली, "आजी मला सब कुछ देती थी घासायला, बस ये नहीं. म्हणायची, याला माझाच हात लागला पाहिजे."

"हो का?" म्हणत विष्णूजींनी तिला झेंडूची फुलं आणायला पिटाळलं. पुढचं त्यांना एकट्यानंच करायचं होतं.

कोमट पाणी, कापूस. हात पुढे होईना. अहो, कुंकू पुसायचं! अनसूया सवाष्ण गेली, कपाळभर मळवट घेऊन गेली, आणि आता तिच्या हातचं कुंकू तिच्याच नवऱ्यानं पुसायचं. "माफ कर वं," ते पुटपुटले आणि अंगठ्याच्या त्या रेषांवर ओला कापूस ठेवला. डोळ्यांतलं पाणी परातीत पडलं ते पडू दिलं. थराखाली थर निघाला, लाल, मग तांबूस काळा, मग नुसता काळा. किती दसऱ्यांचं तूप ते! आणि सगळ्यांत खाली अक्षरं.

विष्णूजी भिंग घेऊन आले. आधी एक मासा दिसला. नखाएवढा, कोरलेला, खवला न् खवला वेगळा, शेपूट वळलेली, आत्ता पाण्यात सूर मारेल असा. जन्मभर लोखंड कापलेल्या माणसानं भिंग आणखी जवळ नेलं. कुठल्या हातानं कोरलं असेल हे? एवढा देखणा जीव आपल्या देवघरात होता आणि आपल्याला पत्ता नाही! माशाच्या बाजूला इंग्रजीत दोन अक्षरं, कुणा साहेबाची. त्याच्याखाली साल. १९३५.

त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. १९३५च.

मग ते उठून आत गेले आणि तसबिरीसमोर उभे राहिले. कै. बाबाराव लांजेवार, निधन १९३१. हे साल त्यांनीच रंगाऱ्याकडून लिहून घेतलं होतं, ठळक पाहिजे म्हणून भांडून. साहेबानं चरखीवर नाव घातलं तेव्हा आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. म्हणजे भेडाघाट नाही, उडी नाही, शेंडी तर नव्हतीच. गोष्ट वडिलांनी सांगितलेली, खरं. पण कधी सांगितली? विष्णू झोपत नसला की. घास गिळत नसला की. चार मोठ्या माणसांत वडिलांनी ती गोष्ट काढल्याचं विष्णूजींना एकदाही आठवेना. साहेब लोक गेल्यावर सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांतलं सामान गोहलपुरात ढिगानं विकायला आलं होतं म्हणतात. त्याच ढिगातून वडिलांनी उचलली असेल, आणि रडणाऱ्या पोराला खेळायला दिली असेल.

विष्णूजी मटकन खाली बसले. कानाच्या पाळ्या तापल्या. गॅसवाला, पोलिओवाल्या, पत्रिकावाला, सगळे रांगेनं डोळ्यांसमोर आले. लाज वाटली हो, फार लाज वाटली.

आणि त्या लाजेतच त्यांना एक सकाळ आठवली. लग्नानंतरची पहिली खंडेनवमी. तोवर काळपट असलेली चरखी नवी नवरी अंगणात पहिल्यांदाच चिंचेनं घासत होती आणि ते ओसरीवर शेजाऱ्यांना गोष्ट सांगत होते, अगदी रंगात येऊन. ती ओली चरखी हातात घेऊन दारात आली होती. "अजी, हे इथं…" एवढंच म्हणाली. ते म्हणाले, थांब वं, साहेब बुडून राहिला! सगळे हसले. ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग भिंतीकडे, तसबिरीकडे. मग आत गेली. थोड्या वेळानं तिनं चरखी पाटावर आणून ठेवली तेव्हा पट्टीवर कुंकू होतं. जाड. तुपात कालवलेलं.

तिला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं!

फाटकाचा आवाज आला. चैत्राली झेंडू घेऊन येत होती. विष्णूजींनी घाईनं वाटीत कुंकू ओतलं, त्यात तूप कालवलं, आणि चोरासारखं त्या माशावर थापलं. पूजा झाली. दिवसभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. चैत्रालीला वाटलं, आजीची आठवण आली असेल. तेही खरंच होतं म्हणा.

दसऱ्याच्या संध्याकाळी गंधार आपट्याची पानं घेऊन आला, वाकून नमस्कार केला. "सोनं घ्या काका." मग त्यानं चरखी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. पट्टीवर पुन्हा कुंकू. "घासलं नाहीत?"

"घासलं," विष्णूजी म्हणाले. "काही नाही खाली."

"काहीच नाही?"

"बस ना. काहून उभा हायेस? तुले गोष्ट सांगतो." आणि त्यांनी सुरू केली. इतवार, भेडाघाट, महाशीर. जीभ आपली आपण चालत होती. उडीपाशी आले, उठले, हात वर गेले. "साहेबानं चरखी आजोबाच्या हातात ठेवली. म्हणे, बाबाराव, माझ्यापाशी याहून मोठं काही नाही." आणि मान वळली. "काय वं अनसूया?"

दारात कुणी नव्हतं. पण उत्तर कानात आलंच, जसं नेहमी येई. तुमच्याहून कोणाले जास्त ठाऊक?

एवढ्या वर्षांत एकदाही ती 'हो' म्हणाली नव्हती. 'खरं आहे' म्हणाली नव्हती. खोटं तर ती आयुष्यात बोलली नाही, आणि त्यांना खोटं पडूही दिलं नाही. आपण रोज जिच्या हातचं जेवलो ती बाई एवढी मोठी होती, आणि आपण माशाची लांबी मोजत बसलो! विष्णूजी सावकाश बसले, चरखी मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं ते कालचं कुंकू पुसून काढलं.

"घे. वाच," ते म्हणाले. "आजोबाची नाही. शंभराची बी नाही. विंटेज हाय. अन् मी काल झाकलं… आत्ताही तुले खोटं बोललो."

गंधारनं भिंग लावलं आणि कितीतरी वेळ वर पाहिलंच नाही. चैत्राली त्याच्या खांद्यावरून वाकली, तीही बघतच राहिली. "बाप रे आबा. फिश तर बघा!"

"काका," गंधार भिंग खाली ठेवत म्हणाला. "नव्वद वर्षं झालीत. शंभरला दहा कमी. पण असं कोरीव काम मी काचेआडसुद्धा पाहिलं नाही. हे राहिलं कसं? चकतीवरचं नाव चिंचेनं खाल्लं. कडेची नक्षी गेली. आणि हे काल कोरल्यासारखं आहे."

"तुपाखाली होतं. कुंकवाखाली."

"म्हणून वाचलं. इतर भागांसारखं हेही घासलं असतं, तर दहा-पंधरा दसऱ्यांत साल पुसून गेलं असतं. पट्टी कोरी झाली असती."

विष्णूजी एकदम ताठ झाले. "काय म्हणालास? घासलं असतं तर गेलं असतं?"

"केव्हाच."

"चिंच तिच्याच हातात होती," विष्णूजी हळूहळू म्हणाले. "दर वर्षी. जरा जोर लावला असता तर साल गेलं असतं, अन् मी जन्मभर खरा राहिलो असतो. तिनं मिटवलं नाही रे. झाकून ठेवलं फक्त." गंधारनं चरखी दोन्ही हातांनी उचलून देवापुढे ठेवली, आणि खरं सांगायचं तर नमस्कारही केला. तो नेमका कुणाला, ते त्याचं त्याला ठाऊक.

विष्णूजींनी नाक शिंकरलं. "दुसऱ्या टेबलावर ठेव रे कोजागरीले. मी स्वतः उभा राहून सांगीन, गोष्ट खोटी हाय म्हणून. अन् खरी कोणती, तेही सांगीन." मग नातीकडे वळले. "चैतू, कुंकू आण. तूप आण."

"पण आबा, आता छुपाना किससे?"

"लपवाले नाही वं. ते तिचं हाय. दर दसऱ्याले तू लावायचं, बाकी सगळं घास, इथं चिंच नको. दहा वर्षांनी तुझ्या हातानं पूस. तेव्हा तो मासा अँटिक होईन. मी असलो तर मले दाखवजो, नसलो तर तिले."

चैत्रालीनं वाटीत तूप कालवलं. माशावर, सालावर अंगठा ठेवला आणि दाबून, पसरून, पुन्हा दाबून लावत बसली. तिच्या अंगठ्याच्या रेषा लाल कुंकवात उठत होत्या. विष्णूजी बघत होते, आणि काही ठरवायच्या आत तोंडातून निघूनच गेलं, "अवं, कुंकू लावून राहिली का घर लिंपून राहिली?"

मान सवयीनं दाराकडे वळली. या वेळी त्यांनी पाण्याचा पेला उचलला नाही. ते तिकडेच बघत राहिले.